क्षयरोगातील दाह आणि वनस्पतिजन्य संयुगे

क्षयरोगातील दाह म्हणजे क्षयाच्या जीवाणूंचा प्रतिकार करताना शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींनी निर्माण केलेली दाहयुक्त सूज होय. मराठी वैद्यकीय परिभाषेत तिला शोथ असेही म्हटले जाते. मर्यादेत असलेला दाह जीवाणूंना कोंडून ठेवतो. मर्यादा सुटली की तोच दाह फुप्फुसाच्या ऊतकांचा नाश करतो. हा अतिरेकी दाह शमविण्याची क्षमता काही वनस्पतींतील रासायनिक संयुगांमध्ये आढळली असून हळदीतील कुरकुमिन, काळमेघातील अँड्रोग्राफोलाइड, दारुहळदीतील बर्बेरिन, तसेच ल्युटिओलिन, बायकॅलिन इत्यादींचा या दृष्टीने अभ्यास झाला आहे. जीवाणूंवर थेट हल्ला न करता रुग्णाच्या शरीराच्या प्रतिसादाला वळण देणाऱ्या अशा उपचारांना यजमान-केंद्रित उपचार म्हणतात. यांपैकी कोणतेही संयुग क्षयरोगावरील दाहशामक औषध म्हणून अद्याप मान्यता पावलेले नाही. उपलब्ध पुरावा बहुतांशी पेशींवरील व उंदरांवरील प्रयोगांचा आहे.

हळदीचा प्रश्न दक्षिण महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा ठरतो. कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेली सांगली ही देशातील हळदीची एक प्रमुख बाजारपेठ आहे. खोकला झाला की हळद-दूध, अडुळशाचा रस किंवा गुळवेलीचा काढा घेण्याची पद्धत या भागात घरोघरी आहे आणि क्षयाची पहिली खूण बहुधा खोकला हीच असते.

दाहामुळे होणारी हानी

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस हा जीवाणू श्वासावाटे फुप्फुसातील वायुकोशांत पोहोचतो. तेथील मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक पेशी त्याला गिळतात. इतर अनेक जीवाणू अशा पेशीच्या पोटात पचून जातात. क्षयाचा जीवाणू मात्र पचनाची प्रक्रिया अडवून तेथेच वाढू लागतो. पेशीला धोक्याची जाणीव होताच तिच्यातील एनएफ-कप्पा-बी हे नियामक प्रथिन केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ बीटा यांसारख्या संदेशवाहक प्रथिनांची निर्मिती सुरू होते. त्या हाकेला धावून आलेल्या पेशी जीवाणूंभोवती वेढा घालतात. या गाठीला कणार्बुद किंवा ग्रॅन्युलोमा म्हणतात.

बहुसंख्य संसर्गित व्यक्तींमध्ये हा वेढा आयुष्यभर टिकतो आणि रोग होत नाही. काहींमध्ये मात्र गाठीचा मध्यभाग मरून पनीरसारखा मऊ होतो. न्यूट्रोफिल या श्वेतपेशी मोठ्या संख्येने तेथे येऊन फुटतात व त्यांच्यातील विकरे बाहेर सांडतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-१ हे विकर फुप्फुसाचा कोलॅजनचा सांगाडा तोडते. ऊतक वितळून श्वासनलिकेला जोडलेले विवर तयार होते, त्यात प्राणवायू भरपूर मिळाल्याने जीवाणूंची बेसुमार वाढ होते आणि खोकल्याबरोबर ते बाहेर पडून इतरांपर्यंत पोहोचतात. रोगाचा प्रसार अशा रीतीने बऱ्याच अंशी दाहावरच अवलंबून असतो.

औषधांनी जीवाणू नाहीसे झाले तरी तुटलेला सांगाडा पूर्ववत होत नाही. थुंकीची तपासणी निर्दोष आलेल्या, कागदोपत्री बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांना पुढे वर्षानुवर्षे धाप लागते, वारंवार खोकला येतो किंवा थुंकीतून रक्त पडते. दाहशामक संयुगांचा शोध मुख्यतः या हानीसाठी आहे. जीवाणू मारण्यासाठी परिणामकारक औषधे उपलब्ध आहेतच.

शरीराचा प्रतिसाद घातक ठरू शकतो याची पहिली ठळक जाणीव एका फसलेल्या औषधातून झाली. २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जीवाणूचा शोध जाहीर करणारे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये जीवाणूंच्या अर्कापासून तयार केलेले ट्युबरक्युलिन हे औषध पुढे आणले. ते टोचल्यावर क्षयरुग्णांना तीव्र ताप येई, रोगग्रस्त भाग सुजून मृत होई आणि काही रुग्ण दगावले. अर्कात जिवंत जीवाणू नव्हते. जे काही घडले ते रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने घडविले होते. उपचार म्हणून ट्युबरक्युलिन बाद झाले आणि निदानाच्या चाचणीत मात्र टिकून राहिले.

दाह शमविण्यातील धोका

वरील विवेचनावरून दाह जितका कमी तितके चांगले असा समज होऊ शकतो, पण तो चुकीचा आहे. संधिवातासाठी टीएनएफला निष्क्रिय करणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध वापरात आल्यानंतर २००१ मध्ये ते घेणाऱ्यांमधील क्षयरोगाच्या ७० घटना प्रसिद्ध झाल्या. टीएनएफ नाहीसे होताच गाठींचा वेढा सैल झाला होता आणि आत कोंडलेले जीवाणू मोकळे झाले होते. बडोद्यात वाढलेल्या शास्त्रज्ञ ललिता रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रा माशांवरील प्रयोगांत दाखविले की टीएनएफ फार कमी झाले तरी आणि फार वाढले तरी महाभक्षक पेशी मरतात व जीवाणूंना मोकळे रान मिळते.

योग्य जागी व योग्य वेळी दाह कमी केल्याने जीव वाचतात, हेही सिद्ध झाले आहे. व्हिएतनाममध्ये क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या ५४५ रुग्णांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची जोड दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आले. मेंदूभोवतीची सूज थोडीही वाढली तरी जिवावर बेतते, म्हणून तेथे स्टेरॉइड उपयोगी पडते. फुप्फुसाच्या क्षयात मात्र ते सरसकट दिले जात नाही. दाह पूर्णपणे दाबून न टाकता त्याचा अतिरेक कमी करावा आणि शक्य तर पेशीची जीवाणू पचविण्याची शक्तीही वाढवावी, असे द्रव्य संशोधकांना हवे आहे. वनस्पतिजन्य संयुगांकडे ते वळले त्याचे मुख्य कारण हेच.

कुरकुमिन

हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमिन १८१५ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले आणि त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. ते एनएफ-कप्पा-बीच्या सक्रियतेला अटकाव करते, ही बाब कर्करोग व संधिवातावरील संशोधनातून आधीच माहीत होती. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मानवी महाभक्षक पेशींना क्षयाच्या जीवाणूंचा संसर्ग करून त्यांवर कुरकुमिनचा परिणाम पाहिला. एनएफ-कप्पा-बी मंदावल्यावर संसर्गित पेशींचे नियोजित मरण आणि स्वभक्षण या दोन्ही प्रक्रिया वाढल्या व पेशीतील जीवाणूंची संख्या घटली. स्वभक्षण म्हणजे पेशीने आपल्यातील निरुपयोगी भाग आवरणात गुंडाळून पचविणे. त्याच ओघात लपलेले जीवाणूही पचतात. दाह कमी होऊनही प्रतिकार दुबळा झाला नाही, हे या प्रयोगाचे महत्त्व.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील गोबर्धन दास यांच्या गटाने २०१७ मध्ये अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपातील कुरकुमिन आयसोनियाझिडबरोबर उंदरांना दिले. उपचार थांबविल्यानंतर रोग उलटण्याचे व नव्याने संसर्ग होण्याचे प्रमाण त्यामुळे घटले आणि आयसोनियाझिडमुळे यकृताला होणारी इजाही कमी झाली.

या निष्कर्षांपासून घरातल्या हळदीच्या डब्यापर्यंतचे अंतर मोठे आहे. हळदीच्या भुकटीत कुरकुमिन साधारणतः दोन ते पाच टक्के असते. म्हणजे चमचाभर, सुमारे तीन ग्रॅम हळदीतून शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कुरकुमिन पोटात जाते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वयंसेवकांना दिवसाला तब्बल ८ ग्रॅम शुद्ध कुरकुमिन देऊनही रक्तातील त्याची कमाल पातळी सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या पुढे गेली नाही. पेशींवरील प्रयोगांत वापरलेली मात्रा सहसा याच्या अनेक पटींनी असते. हळद-दूध घशाला बरे वाटत असेल, पण त्यातून फुप्फुसातील महाभक्षक पेशींपर्यंत प्रयोगशाळेइतके कुरकुमिन पोहोचते असे मानण्यास आधार नाही.

आणखी एक आक्षेप रसायनशास्त्रज्ञांचा आहे. कुरकुमिन अस्थिर असून अनेक प्रथिनांना अविशिष्टपणे चिकटते, त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांत ते फसवे अनुकूल निकाल देऊ शकते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत समीक्षेत दाखवून देण्यात आले. हळदीबद्दलच्या अभिमानामुळे या आक्षेपाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणधर्मावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तो विजय खराच होता. तथापि ज्ञान जुने आहे हे त्यातून ठरले. ते क्षयरोगावर लागू पडते की नाही, हा प्रश्न त्या वादात नव्हताच.

कोल्हापूर-सांगली परिसर

सांगलीच्या बाजार समितीत हळदीचे सौदे होतात आणि राजापुरी हळद येथून देशभर जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहरालगतच्या हरिपूर येथे हळकुंडे जमिनीखालील पेवांमध्ये साठविण्याची जुनी पद्धत होती. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र असून तेथे विकसित झालेल्या फुले स्वरूपा या वाणात कुरकुमिनचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. बाजारात हळदीची परीक्षा रंगावरून होते आणि रंग हा कुरकुमिनचाच असतो. रंग उठावदार दिसावा म्हणून लेड क्रोमेट या शिसेयुक्त विषारी रंगद्रव्याची भेसळ दक्षिण आशियात अनेक ठिकाणी आढळली आहे. औषध म्हणून रोज जास्त हळद घेणाऱ्याला या भेसळीचा धोकाही त्याच प्रमाणात जास्त असतो.

याच परिसरात सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वानलेसवाडी येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. मिरजेत वैद्यकीय मिशन स्थापन करणारे कॅनेडियन डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावावरून हे ठिकाण ओळखले जाते. जीवाणूनाशक औषधे येण्यापूर्वी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच उपचार अशा आरोग्यधामांच्या हाती होते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा व चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीची जंगले आहेत. शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला श्रीरंग यादव व मिलिंद सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ जिल्ह्यातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद देतो. वनौषधींच्या संशोधनात अशा नोंदीला मोल असते, कारण एकाच मराठी नावाने वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. काळमेघालाही किराईत म्हणतात आणि हिमालयातील चिरायत्यालाही; दोहोंची कुळे वेगळी आणि संयुगेही वेगळी.

कोल्हापूरच्या बाबतीत दाहाचा आणखी एक स्रोत विचारात घ्यावा लागतो. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींमुळे हे शहर ओतकामाचे मोठे केंद्र बनले आहे. साच्यांसाठी लागणाऱ्या वाळूत सिलिका असते. साचे फोडताना व ओतीव भाग घासताना उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाते, महाभक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अशा पेशींत एनएलआरपी३ ही दाहजनक प्रथिनरचना कार्यान्वित होते, हे २००८ मध्ये दाखविण्यात आले. क्षयाचा जीवाणूही हीच रचना चेतवितो. धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिस या रोगाच्या रुग्णांना क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. चिनी वैद्यकातील स्कुटेलारिया या वनस्पतीतील बायकॅलिन संसर्गित महाभक्षक पेशींमध्ये एनएलआरपी३ला आवर घालते, असे २०१७ च्या एका प्रयोगात आढळले. परंतु ओतकाम कामगाराच्या दृष्टीने धूळ खेचून घेणारी यंत्रणा, ओल्या पद्धतीने काम आणि योग्य मुखपट्टी यांना कोणतेही संयुग पर्याय ठरू शकत नाही.

इतर संयुगे

अडुळशाची कथा सर्वांत वेगळी आहे. त्यातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध बनविले गेले व त्यापासून पुढे अँब्रोक्सॉल आले. आज खोकल्याच्या असंख्य औषधांत ही दोन द्रव्ये असतात. ती परीक्षानळीत क्षयाच्या जीवाणूची वाढ रोखतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. २०१८ मध्ये अँब्रोक्सॉल पेशींतील स्वभक्षण वाढवून रिफाम्पिसिनला साहाय्य करते, असेही आढळले. क्षयासाठी पूर्वापार वापरल्या गेलेल्या झुडपाचा वारस औषधाच्या दुकानात आधीच उपलब्ध आहे, त्याची सुरक्षितताही बरीचशी ज्ञात आहे; त्यामुळे पुढील चाचण्यांसाठी तो इतर संयुगांहून सोयीचा उमेदवार वाटतो.

काळमेघातील अतिशय कडू अँड्रोग्राफोलाइड एनएफ-कप्पा-बीच्या एका घटकाशी थेट बंध तयार करून त्याला निकामी करते. ल्युटिओलिन हे अनेक भाज्यांत आढळणारे फ्लॅव्होनॉइड आयसोनियाझिडबरोबर उंदरांना दिले असता परिणाम अधिक चांगला झाला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्बेरिनच्या बाबतीत निकाल परस्परविरोधी आहेत. २०२१ च्या एका अभ्यासात पेशींमध्ये आशादायक ठरलेल्या बर्बेरिनची जोड दिल्याने उंदरांच्या फुप्फुसातील जीवाणूंची संख्या नेहमीच्या औषधांपेक्षा अधिक घटली नाही; २०२३ मध्ये दुसऱ्या गटाला ते स्मृतिपेशी वाढविण्यास उपयुक्त दिसले. पेशीत जे साधते ते प्राण्यात साधेलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मिरीतील पिपेरिनचा उपयोग निराळ्या मार्गाने झाला. ते औषधांच्या शोषणात व विघटनात हस्तक्षेप करते. जम्मू येथील प्रयोगशाळेच्या संशोधनातून रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड व पिपेरिन यांचे संयुक्त औषध तयार झाले आणि २००९ मध्ये भारतात बाजारात आले. त्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवता आली. पिपेरिनमुळे कुरकुमिनचे शोषणही वाढते, म्हणून हळदीच्या अनेक गोळ्यांत मिरीचा अर्क घातलेला असतो.

यकृतावरील परिणाम

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही क्षयावरील मुख्य औषधांपैकी तिन्ही औषधे काही रुग्णांच्या यकृताला इजा करतात. वनौषधींची जोड देण्याचा प्रश्न येथे सर्वांत नाजूक होतो. गुजरातमधील वैद्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्षयाच्या औषधांबरोबर हळद व गुळवेल दिलेल्या ३१६ रुग्णांपैकी दोघांना, तर केवळ औषधे घेणाऱ्या १९२ पैकी २७ जणांना यकृताची इजा झाली. फरक लक्षणीय आहे, पण एवढ्या महत्त्वाच्या दाव्यासाठी इतरत्र, मोठ्या व अधिक काटेकोर चाचण्यांची गरज आहे.

उलट बाजूचे पुरावेही आहेत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांमध्ये यकृताचा दाह आढळल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. वापरलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, असा त्याचा एक आक्षेप होता. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित यकृताच्या इजेचे १० रुग्ण नोंदविले गेले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, ७ जणांमध्ये एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली आणि काही गोळ्यांत पिपेरिन होते. कुरकुमिन अधिक शोषले जावे म्हणून केलेली युक्तीच येथे संशयाच्या घेऱ्यात आली. स्वयंपाकातील हळदीला हा इशारा लागू होत नाही. अर्काच्या गोळ्यांना होतो.

उपचारातील स्थान

औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर भारतात सहा महिन्यांचा उपचार दिला जातो: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल, आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात. २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि त्यांपैकी जवळपास २६ टक्के भारतातील होते. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप व खोकला उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी औषधे सोडून काढ्यावर राहण्याचा मोह होतो. दाह ओसरल्याने बरे वाटते, जीवाणू मात्र शिल्लक असतात. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारे जीवाणू तयार होतात. निव्वळ दाह शमविणारे द्रव्य एकटे घेतल्यास हा भ्रम अधिक गडद होऊ शकतो.

आहाराच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, पण तो एखाद्या संयुगाचा नाही. झारखंडमधील चाचणीत क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अतिरिक्त धान्य, डाळ व पूरक पोषक द्रव्ये दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

उपचार चालू असताना काढा, चूर्ण किंवा अर्काच्या गोळ्या घेत असल्यास त्याची माहिती क्षयरोग केंद्रातील डॉक्टरांना असणे आवश्यक असते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते आणि ती निरुपद्रवी बाब आहे. कावीळीतही लघवी गडद होते. रंग औषधाचा किंवा हळदीचा आहे असे समजून रुग्ण थांबला, तर यकृताची इजा वाढत जाते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणे, अन्नावरील वासना उडणे, मळमळ व उलट्या ही लक्षणे रिफाम्पिसिनच्या रंगाने होत नाहीत. ती दिसताच त्याच दिवशी केंद्रात जाऊन यकृताची तपासणी करून घ्यावी लागते आणि कोणती औषधे थांबवायची हे तेथील डॉक्टर ठरवितात.